रिकामा रकाना

पुण्याच्या बिबवेवाडी भागातील एका घराच्या दिवाणखान्यात, खिडकीशेजारी, एक पियानो आहे. जुन्या चित्रपटांत दिसणारा तो भव्य, शिसवी पियानो नव्हे. हा विजेवर चालणारा आहे. परंतु त्याच्या पट्ट्या पूर्ण ८८ आहेत, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, आणि बोटांना खऱ्या पियानोसारखा भार जाणवावा अशी त्यांची रचना आहे. सात वर्षांच्या नातीसाठी तो घरी आला त्या दिवशी तिला जेवणाचेही भान राहिले नाही. चौथ्या महिन्यात मात्र त्याच पियानोवर आजीने विणलेले आच्छादन पडले, आच्छादनावर लग्नपत्रिका साचल्या आणि पत्रिकांवर इस्त्रीचे कपडे येऊन बसले. मुलांसाठी हौसेने आणलेल्या वस्तूंचे पुढे काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या दृश्याचे नवल वाटणार नाही. बुद्धिबळाचे पट, तबल्याच्या जोड्या आणि रंगांच्या पेट्या यांनी कितीतरी घरांचे पोटमाळे भरलेले असतात.

घर व्यापाऱ्याचे. आजोबांनी मार्केट यार्डात चाळीस वर्षे भुसार मालाचा व्यापार केला. आता दुकान मुलगा पाहतो. तरी सकाळी दोन तास गादीवर बसल्याशिवाय आजोबांचा दिवस सुरू होत नाही. पियानोत गुंतलेल्या पैशाचे त्यांना फारसे वाटत नव्हते. हाती घेतलेले काम अर्ध्यावर सुटणे मात्र त्यांना खपत नसे. नातीच्या वडिलांनी रागावून पाहिले. आईने समजावून पाहिले. आई स्वतः लग्नापूर्वी सतार शिकत होती. ती सतार अजून माहेरी गवसणीत आहे, आणि त्याबद्दल ती कधी बोलत नाही. म्हणूनच मुलीच्या पियानोवरचे आच्छादन तिला इतरांपेक्षा अधिक बोचत असावे. ‘शिकून ठेव, पुढे स्थळ पाहताना सांगायला बरे,’ एवढाच आजींचा युक्तिवाद होता. सात वर्षांच्या मुलीवर त्याचा परिणाम होण्याचे कारण नव्हते.

शेवटी आजोबांनी हा विषय आपल्या पद्धतीने हाती घेतला. दुकानात वापरतात तशी लाल कापडी बांधणीची एक छोटी वही त्यांनी आणली. तारीख, वेळ आणि रक्कम असे तीन रकाने आखले. अर्धा तास सराव केला की दहा रुपये; नोंद नातीने स्वतःच्या हाताने करायची; रविवारी हिशेब चुकता. व्यवहार स्वच्छ होता. मुलीला बचतीची सवय लागेल, नोंद ठेवण्याचे वळण पडेल आणि पियानोही वाजेल, असा तिहेरी लाभ आजोबांना त्यात दिसला. घरातील कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही.

पहिल्या महिन्याअखेर वहीत २६ नोंदी झाल्या आणि २६० रुपये नातीच्या गल्ल्यात पडले. इस्त्रीचे कपडे पियानोवरून हलले. दुसऱ्या महिन्यात नातीने विचारले, “आजोबा, कठीण धडा वाजवला तर पंधरा?” आजोबांना मनातून कौतुकच वाटले, व्यापाऱ्याची नात शोभते खरी! चार वर्षांचा धाकटा नातूही एक दिवस हात पुढे करून उभा राहिला. “मी सगळं ऐकलं. मला किती?” त्यावर घर हसले. त्या हसण्यात दडलेला इशारा कोणाच्या लक्षात आला नाही.

तो इशारा तिसऱ्या महिन्यात पियानोच्या शिक्षिकेने दिला. दर शनिवारी नात कॅम्पातील त्यांच्या वर्गाला जात असे. एकदा आणायला आलेल्या आजोबांना त्या म्हणाल्या, “काका, ही घरी रोज बसते हे दिसतंय. पण तीन महिन्यांपूर्वी येत होते तेच तुकडे वाजवते. नवीन धडा काढला की आधी घड्याळाकडे बघते. पूर्वी असं नव्हतं.”

आजोबा वाटेत काही बोलले नाहीत. मात्र घरी येऊन त्यांनी मनाशी हिशेब मांडला. मोबदला अर्ध्या तासाचा ठरला होता. सोपा तुकडा वाजवूनही अर्धा तास भरतो आणि अवघड तुकडा वाजवूनही भरतो. मग शहाणा माणूस काय करील? आजोबांनी वेळ विकत घेतला होता आणि नातीने वेळच मोजून दिला होता. तिच्या बाजूने व्यवहारात कसूर नव्हती. विकत घ्यायची वस्तूच चुकली होती.

याच प्रश्नाचा शोध अमेरिकेतील मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांमध्ये घेतला होता. त्यांचा प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती, अशी तीन ते पाच वर्षांची मुले त्यांनी निवडली. काही मुलांना आधीच सांगितले की, चित्र काढलेस तर फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र चित्र काढून झाल्यावर, कोणतीही पूर्वकल्पना न देता दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी तीच पेने वर्गात पुन्हा मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या बोलीने चित्र काढलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ पेनांकडे वळली. अवचित बक्षीस मिळालेल्या मुलांची आवड मात्र कमी झाली नव्हती. बोली लागली की खेळाचे काम होते आणि काम म्हटले की मूल विचारते, सुटी कधी?

तरीही येथवर गोष्ट केवळ पद्धतीची होती. दोन आठवड्यांनी ती त्याहून खोल गेली.

एका रविवारी हिशेब करताना आजोबांचे बोट गुरुवारच्या नोंदीवर थांबले. तारीख, ‘अर्धा तास’, ‘रु. १०’. अक्षर नातीचे, नीटनेटके. आजोबा त्या गुरुवारी सर्दीमुळे दुकानात गेले नव्हते. तारांच्या दुरुस्तीसाठी दुपारपासून वीज बंद होती आणि ती रात्री नऊला आली, तेव्हा नात झोपली होती. हा पियानो विजेवाचून एक स्वरही काढत नाही.

त्यांनी दहा रुपये दिले. हिशेब चुकता केला. वही मिटली आणि दोन दिवस ते घरात कोणाशी फारसे बोलले नाहीत.

व्यापारी घरात खोट्या नोंदीचा अर्थ काय असतो, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. आजोबांच्या वडिलांनी त्यांना कोवळ्या वयात गादीवर बसवले, तेव्हा पहिला धडा दिला तो भावाचा किंवा मापाचा नव्हता. तो नोंदीचा होता. नोंद चुकली तर ती खोडायची नाही. पान फाडायचे नाही. चूक जशीच्या तशी राहू द्यायची आणि ज्या दिवशी लक्षात येईल त्या दिवशी उलट नोंद करून ती दुरुस्त करायची, म्हणजे वही पाहणाऱ्याला चूकही दिसते आणि दुरुस्तीही दिसते. या एका शिस्तीवर त्यांची पेढी उभी राहिली होती. आणि त्याच घरातील सात वर्षांच्या मुलीने लाल वहीत पहिली खोटी नोंद केली होती, तीही आजोबांनीच आखून दिलेल्या रकान्यात.

मंगळवारी सायंकाळी जेवणे आटोपली. या घरात दिवस मावळण्यापूर्वी जेवण होते. त्यामुळे जेवण आणि झोप यांच्या मधला एक शांत तास हाताशी असतो. आजोबांनी वही घेऊन नातीला जवळ बसवले.

“बाळा, गेल्या गुरुवारी लाईट गेले होते ना?”

नात वहीकडे पाहत राहिली. मग तिचे डोळे भरले.

“मला दहा रुपये नको होते, आजोबा.”

“मग लिहिलंस का?”

“रकाना रिकामा दिसला की तुम्ही बोलत नाही माझ्याशी.”

आजोबांजवळ याचे उत्तर नव्हते. रागावल्याचे त्यांना आठवत नव्हते, कारण ते रागावले नव्हतेच. पण रिकाम्या दिवसावर त्यांचे बोट थोडे अधिक वेळ थांबत असे, चष्मा थोडा खाली सरकत असे, आणि त्या रविवारी गल्ल्याजवळचे हसणे होत नसे. मुलीने ते सारे टिपले होते. दहा रुपये हा तिच्या लेखी मोबदला राहिलाच नव्हता. कोरा रकाना हा दंड झाला होता.

त्यांनी पेन तिच्या हाती दिले आणि उलट नोंद कशी करायची ते दाखवले. तिने त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले, ‘गुरुवारी वाजवले नाही. रु. १० परत.’ गल्ल्यातून दहा रुपये काढून तिने आजोबांना दिले. त्याखाली आजोबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिले, ‘आजपासून पैशाचा हिशेब बंद. चूक वही आखणाऱ्याची.’ खाली सही केली. नातीने ते दोनदा वाचले आणि विचारले, “म्हणजे तुमची?” ते म्हणाले, “हो.”

पियानोच्या इतिहासातही घरगुती वह्या आहेत, आणि त्या वाचण्यासारख्या आहेत. इटलीतील फ्लोरेन्स शहरी बार्तोलोमेओ क्रिस्टोफोरी याने १७०० च्या सुमारास पियानो घडवला. तो सर्वत्र पोहोचण्यापूर्वी जर्मन घरांत हार्प्सिकॉर्ड आणि क्लॅव्हिकॉर्ड ही त्याची वडीलधारी वाद्ये नांदत होती. कोथेन येथे योहान सेबास्टियन बाख याने २२ जानेवारी १७२० रोजी आपल्या नऊ वर्षांच्या थोरल्या मुलासाठी, विल्हेल्म फ्रीडेमानसाठी, एक वही सुरू केली. आरंभी स्वरलेखनाच्या खुणा, मग कोणत्या पट्टीवर कोणते बोट हे दाखवणारा छोटा तुकडा, आणि मग हळूहळू वाढत जाणाऱ्या रचना. साल्झबुर्ग येथे लिओपोल्ड मोझार्ट याने १७५९ मध्ये मुलीसाठी, मारिया आनासाठी, अशीच वही केली. तिचा धाकटा भाऊ वोल्फगांग त्याच वहीतून वाजवू लागला आणि वडील मार्जिनात टिपू लागले. २६ जानेवारी १७६१ रोजी, पाचव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री साडेनऊला, मुलाने एक मिन्युएट अर्ध्या तासात शिकून घेतला, अशी एक नोंद त्यांत आहे. रॉबर्ट शुमान याने १८४८ मध्ये मुलांसाठी ४३ तुकड्यांचा संग्रह रचला; त्याची सुरुवात थोरल्या मुलीच्या सातव्या वाढदिवसाच्या भेटीतून झाली. हंगेरीच्या बेला बार्टोक याने १९२६ ते १९३९ या काळात सोप्याकडून कठीणाकडे जाणारे १५३ तुकडे सहा खंडांत लिहिले आणि पहिले दोन खंड मुलाला, पेटरला, अर्पण केले. त्यांतील पहिले तुकडे इतके सोपे आहेत की दोन्ही हात एकच चाल चालतात.

या घरांतील सारेच अनुकरणीय होते असे नाही. मारिया आना स्वतः उत्तम वाजवत असे. परंतु ती वयात आल्यावर तिचे दौरे थांबले आणि वडील मुलाला घेऊन पुढे गेले. मुलीचे शिक्षण केवळ लग्नापर्यंतचे अलंकरण समजले की काय होते, याचे उदाहरण त्याच घरात आहे. परंतु त्या वह्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्या मुलासाठी लिहिल्या गेल्या, मुलाकडून वसुलीसाठी नव्हे. मोठ्या माणसाने आधी स्वतः त्यांत काही घातले. मग मुलाने वाजवले.

शिक्षिकेच्या सल्ल्याने त्या घरातील व्यवस्था बदलली. बदल लहान होते, आणि ज्यांच्या घरी असे एखादे वाद्य आच्छादनाखाली आहे त्यांना ते करून पाहता येतील.

पहिला बदल बैठकीचा. सात वर्षांच्या मुलीचे पाय स्टुलावरून लोंबकळत, पाठ वाके आणि दहा मिनिटांत ती चुळबुळ करू लागे. ती कंटाळते असा सर्वांचा समज होता. पायांखाली एक पाट ठेवला, कोपर पट्ट्यांच्या पातळीवर येईल इतकी बैठक उंच केली, आणि निम्मा कंटाळा नाहीसा झाला.

दुसरा वेळेचा. अर्ध्या तासाऐवजी सायंकाळच्या जेवणानंतर दहा-बारा मिनिटे, शक्यतो रोज त्याच वेळी. छोट्या आवर्ती ठेवीसारखे हे आहे. हप्ता लहान असला की तो चुकत नाही, आणि वाढ हप्त्याच्या आकारापेक्षा सातत्यातून होते. मुलीला आणखी बसायचे असेल तर बसू द्यावे. ती उठू लागली तर अडवू नये.

तिसरा क्रमाचा. नवीन धड्याच्या दोनच ओळी घ्यायच्या. आधी उजवा हात, मग डावा, मग दोन्ही सावकाश. आणि शेवट नेहमी मुलीच्या आवडत्या, येत असलेल्या तुकड्याने करायचा. ज्या चवीने ताटावरून उठतो तीच चव दुसऱ्या दिवशी आठवते.

चौथा बदल आजींकडून आला, आणि तो कोणी ठरवला नव्हता. आजी नातवाला झोपवताना एक जुनी अंगाई गुणगुणत. एका संध्याकाळी नातीने ती चाल पियानोवर शोधायला सुरुवात केली. आजींना पियानोचे काही कळत नव्हते, परंतु माहेरी पेटी होती, त्यामुळे त्या सहज म्हणाल्या, “काळी एक धर, माझा सा तिथे आहे.” नातीने दोन काळ्या पट्ट्यांच्या जोडीतली पहिली दाबली, आणि आजींचा स्वर तिला जाऊन मिळाला. चाल पूर्ण सापडायला चार दिवस लागले. या चार दिवसांत कोणी तिला बस म्हणाले नाही, आणि कोणाला ऊठ म्हणावे लागले ते मात्र दोनदा.

पाचवा बदल ऐकणाऱ्यांचा. पूर्वी मूल वाजवी आणि घर आपापल्या फोनमध्ये असे. चूक झाली की तेवढे मात्र सर्वांना ऐकू जाई. आता त्या बारा मिनिटांत एक मोठे माणूस शेजारी बसते आणि चूक दाखवत नाही. बहुधा आजोबा बसतात. नातीने त्यांना खालच्या अंगाच्या दोन पट्ट्या नेमून दिल्या आहेत. ती चाल वाजवते आणि ते एका बोटाने आळीपाळीने त्या दोन पट्ट्या दाबतात. त्यांचा ताल चुकतो. नात थांबते, पुन्हा मोजून दाखवते आणि दुसऱ्याला समजावताना तिचा स्वतःचा ताल पक्का होतो. धाकट्या नातवाकडे सर्वांत खालच्या पट्ट्या आहेत. ढगांचा गडगडाट हे त्याचे खाते.

आई बरेच दिवस स्वयंपाकघरातूनच ऐकत असे. एका रविवारी ती माहेरून येताना गवसणीसकट सतार घेऊन आली. तारा गंजल्या होत्या, त्या बदलून घेतल्या. ती रोज वाजवते असे नाही. परंतु आई सतार जुळवू लागली की नात पियानोवरून तिला स्वर देते, आणि मोठी माणसेही नव्याने अडखळतात हे तिला दिसते.

याने सर्व सुरळीत झाले, असे म्हणणे खरे होणार नाही. शाळेच्या चाचणी परीक्षेच्या सुमारास सलग नऊ दिवस नात पियानोकडे फिरकली नाही. वडिलांच्या ओठांवर दोनदा शब्द आला आणि दोन्ही वेळा आजोबांनी मान हलवून तो परतवला. दहाव्या दिवशी ती आपण होऊन बसली. अकराव्या दिवशी पुन्हा नाही. ती पुढे पियानो वाजवील की सोडील, हे आज कोणी सांगू शकत नाही, आणि आठव्या वर्षी ते ठरायलाही नको.

लाल वही अजून आहे. तिच्यात आता रकमेचा रकाना नाही. तारीख, काय वाजवले आणि नातीच्या शब्दांत एक ओळ, एवढेच असते. ‘डावा हात ऐकत नाही.’ ‘आजीचा सा सापडला.’ ‘आजोबा आज फक्त तीनदा चुकले.’ दिवाळीत दुकानाच्या नव्या वह्या आल्या तेव्हा तिने आपल्यासाठीही एक मागून घेतली आणि पहिल्या पानावर, आजोबांच्या वह्यांत पाहिले होते तसे, लिहिले, ‘मागील वहीवरून पुढे चालू.’

रविवारी आजोबा चष्मा लावून वही पाहतात. पाने उलटतात, ओळी वाचतात, कधी हसतात. मध्ये काही तारखांपुढे काहीच लिहिलेले नसते. त्यांचे बोट तेथे थांबत नाही. त्या दिवशी वाजवले गेले नाही आणि वहीत तसेच दिसते आहे. नोंद बरोबर आहे.